पाचशे रुपयांत नाताळची खिडकी : सजवण्याआधी रस्त्यावर उतरा

प्रश्न : आम्ही बडोद्यात मांजलपूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. हॉलची खिडकी रस्त्याकडे आहे. चार बाय चार फूट, सरकत्या काचा, बाहेरून लोखंडी जाळी. आठ वर्षांच्या मुलीने यंदाही नाताळला खिडकी सजवायचा हट्ट धरलाय. खर्च पाचशेच्या वर नको आणि भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही. व्हिडिओत दाखवतात तसे बॉल, रिबिनी, कापसाचा बर्फ आणावा का? सासूबाई म्हणतात, दिवाळीचा आकाशकंदीलच परत लावा की. मागच्या वर्षी बरंच काही केलं होतं, पण खालून काहीच दिसलं नाही.

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण खरा प्रश्न तोच आहे. काय आणायचं ते नंतर बघू. एवढं करूनही खालून का दिसलं नाही हे एकदा कळलं की पाचशे रुपये कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

मी दुकानांच्या शोकेस सजवतो. रावपुरा, अलकापुरी, जिथून बोलावणं येईल तिथे. गणपतीत मंडळांची आरास असते ती वेगळी. आमच्या धंद्यात काम सुरू करण्याआधी माणूस दुकानाबाहेर पडतो आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. घरची खिडकी सजवणारे सगळं आत उभं राहून करतात. हातभर अंतरावरून दोन इंचांचा लाल बॉल चांगला ठसठशीत दिसतो. तोच दुसऱ्या मजल्यावर, काचेमागे, जाळीमागे गेला की संपला. तुम्ही कमी केलं म्हणून दिसलं नाही असं नाही. लहान लहान पुष्कळ केलं म्हणून दिसलं नाही.

आज संध्याकाळी एक करा. मुलीला घेऊन खाली जा, जिथून लोक येता-जाता बघतात तिथे उभ्या राहा, हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा आणि अंगठा खिडकीवर आडवा धरा. अंगठ्याच्या जाडीमागे जे लपतं, ते त्या अंतरावरून कोणाच्या नजरेत भरत नाही. चाळीस फुटांवरून अंगठ्यामागे साधारण दीड फूट झाकला जातो. म्हणजे तुमच्या चार फुटी खिडकीत दीड-दोन फुटांची एकच वस्तू हवी, आणि बाकी जे काही असेल ते तिच्या सेवेला. आधी एक मोठा आकार, मग त्याला उजेड. पैसे उरले तर पुढचं.

दुसरी गोष्ट काचेची. दिवसा खोली बाहेरच्या मानाने अंधारी असते, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाला तुमची काच म्हणजे आरसा. त्याला त्यात आभाळ आणि समोरची बिल्डिंग दिसते. रात्री हे उलटतं. आत दिवा आणि बाहेर काळोख असला की बाहेरच्याला आरपार दिसतं आणि तुम्हाला काचेत आपलंच तोंड दिसतं. म्हणून रस्त्यासाठी केलेली सजावट ही रात्रीचीच सजावट, आणि घरातल्यांसाठी केलेली दिवसाची. दोन्ही एकाच सामानात बसवायला गेलं की दोन्ही फसतात. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणजे रस्त्यासाठी तुमच्या हातात संध्याकाळचे चार-पाच तास आहेत. ते पुष्कळ झाले.

आता हे सगळं तुमची खिडकी रस्त्याकडे आहे म्हणून. कोणाची खिडकी डक्टकडे उघडत असेल किंवा समोर दहा फुटांवर दुसऱ्याची भिंत असेल, तर त्यांनी मोठ्या आकाराच्या भानगडीत पडूच नये. खिडकीच्या कट्ट्यावर छोटंसं काहीतरी मांडावं, त्याबद्दल पुढे लिहिलंय. तळमजल्यावर राहणाऱ्यांचं गणितही वेगळं. लोक चार हातांवरून जातात, तिथे बारीक कामाला किंमत आहे.

तर मोठा आकार कोणता? सासूबाईंनी टोमणा मारला असेल, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आकाशकंदीलच लावायचा, फक्त चांदणीचा. नाताळच्या गोष्टीत पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमपर्यंत येतात, त्यामुळे तारा हे या सणाचं अगदी घरचं चिन्ह आहे. गोव्याला, वसईला डिसेंबरात घराघरावर कागदी तारे दिसतात. आपल्या फतेगंजातही दिसतील. फिलिपिन्समध्ये त्याला पारोल म्हणतात, आणि त्याची जुनी रीत म्हणजे बांबूच्या कामट्या, वर पातळ कागद, आत दिवा. म्हणजे आपला कंदीलच. जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या शाळेत १८३० च्या दशकात मुलांना भूमिती शिकवताना अनेक टोकांचा कागदी तारा करायला लागले, तो आज जगभर खिडक्यांत आणि व्हरांड्यांत टांगतात. विकत आणलेल्या प्लास्टिकच्या झाडापेक्षा घरी बांधलेला कागदी तारा जास्त अस्सल आहे, आणि स्वस्त तर आहेच.

शिवाय आपण बडोद्यात राहतो. उत्तरायणाच्या आधीचे हे दिवस. गेंडीगेटला पतंगवाल्यांकडे कामट्याही मिळतात आणि पतंगाचा कागदही. असला पातळ, झिरझिरीत, रंगीत कागद स्टेशनरीच्या दुकानात शोधत बसावं लागतं. इथे तावच्या ताव पडलेले असतात. कामटी मागताना कमानीची मागू नका, ती वाकण्यासाठीच तासलेली असते. ढढ्ढ्याची मागा, पतंगाच्या मधोमध जी ताठ काडी असते ती, आणि त्यातही जरा जाड बघून घ्या. दोन फुटी मिळाल्या नाहीत तर बुरडाकडून चिरून घ्या. एका ताऱ्याला दहा लांब कामट्या आणि तीन-तीन इंचांचे पाच तुकडे लागतात.

बांधणी सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा तारा वाकडा होतो. चोवीस इंचांच्या पाच कामट्या घ्या. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून सव्वानऊ इंचांवर पेन्सिलीने खूण करा. जमिनीवर पाचही कामट्या ताऱ्यासारख्या मांडा, एक वरून, एक खालून अशा एकमेकींत गुंतवत. आपण पेन न उचलता तारा काढतो ना, तसाच क्रम. टोकं दोऱ्याने बांधा, आणि जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात तिथे खुणेवर खूण येते का पाहा. येत असेल तर तारा सरळ आहे, कोनमापक लागत नाही. येत नसेल तर टोकाच्या गाठी सैल करून हलवा, मगच मधल्या गाठी घट्ट करा. असाच दुसरा तारा करा. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. आता आतल्या पाच छेदांवर, दोन ताऱ्यांच्या मध्ये, तीन इंचांचे तुकडे उभे अडकवा. सपाट तारा एकदम फुगतो. मुलांना हा क्षण फार आवडतो, तेव्हा शेवटचा तुकडा मुलीच्या हातून अडकवा.

कागद पुढच्या बाजूला आणि कडेने लावा, पाठ उघडीच ठेवा. पाठ खोलीकडे असते, तिथून दिवे घालायचे आहेत आणि काही बिघडलं तर हात घालायला जागा हवी. कडेच्या चिंचोळ्या पट्ट्यांचा कंटाळा करू नका. दुसऱ्या मजल्यावरचा तारा लोक खालून वर बघतात, त्यांना समोरच्या बाजूइतक्याच खालच्या कडा दिसतात. माझी निवड समोर पांढरा आणि कडेला लाल. पिवळाही चालतो. निळा आणि जांभळा मात्र दुकानात हातात घेतल्यावर जितके सुंदर दिसतात तितके रात्री दिसत नाहीत. पिवळसर दिव्याच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी असतो, त्यामुळे हे रंग मागून उजळण्याऐवजी काळपट होऊन बसतात. रंग गडद हवा असेल तर त्याच रंगाचा दुहेरी कागद लावा. पिवळ्यावर लाल ठेवलात तर छान केशरी उजेड पडतो. कापण्याआधी दोन-तीन रंगांचे तुकडे मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा. रात्री काय होणार ते तिथेच कळतं.

चिकटवायला मैद्याची खळ. एक चमचा मैदा अर्ध्या कपभर पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. जुने कारागीर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात. तुमच्या घरात लहान मूल आहे, तुम्ही घालू नका, महिन्याभरासाठी त्याची गरजही नाही. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. पतंगाचा कागद ओला झाला की रंग सोडतो, आणि लाल कागदाचा डाग भाड्याच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर पडला तर पाचशेचं बजेट तिथेच पार झालं समजा. याच कारणाने हा कागद ओल्या खळीने थेट काचेवर चिकटवू नका, आणि तारा जाळीबाहेर टांगू नका. पहाटेचं दव आहे, मधूनच एखादा मावठा येतो.

टांगायचा कुठे? पडद्याच्या दांडीला. खिळा नाही, टेप नाही. डाव्या-उजव्या दोन टोकांना एकेक दोरा बांधून दांडीवर थोड्या अंतराने सोडा, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने तारा गिरक्या घेणार नाही. तारा काचेच्या बाजूला असू द्या आणि पडदा त्याच्या मागे, खोलीकडे, ओढून घ्या. हे महत्त्वाचं आहे. मागे ट्यूबलाइटने लख्ख उजळलेला हॉल असेल तर कागदी ताऱ्याचा मंद उजेड त्यात विरघळून जातो. मागे काळोख पाहिजे. पडदा फिकट असेल तर त्याच दांडीवर जुनी गडद साडी सोडा, निळी किंवा वांगी रंगाची. शोकेसमध्येही आम्ही सगळ्यात आधी मागचा पडदा ठरवतो. माल कितीही चांगला असो, पाठ चुकली की तो उठत नाही. आणि हो, संध्याकाळी घरात बसून तुम्हाला तारा दिसणार नाही, पडदाच दिसेल. ही किंमत मोजावी लागते. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती पडदा सारखा बाजूला करत राहील.

आता दिवे, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. घरात दिवाळीची सिरीज असेलच. ती चालते की नाही बघून वापरायचा मोह होतो. वापरा, पण लोखंडी जाळीला गुंडाळू नका. स्वस्त सिरीजच्या वायरवरचं वेष्टण पातळ असतं. ते जाळीच्या एखाद्या धारेवर घासून सोललं गेलं तर २३० व्होल्ट सरळ जाळीत उतरतात, वर दव पडलेलं असतं, आणि सकाळी त्याच जाळीला हात लावून कोणीतरी कुंडीला पाणी घालतं. बायंडिंग वायरने बांधणं तर त्याहून वाईट. तसंच माळ लांब पडते म्हणून मधेच कापून टोकं जोडायची नाहीत. त्यातले दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, व्होल्टेज सगळ्यांत वाटलं जातं. निम्मे काढले की उरलेल्यांवर दुप्पट भार येतो आणि ते जळतात, कधी वायरही तापते.

त्यापेक्षा यूएसबीवर चालणारी बारीक तांब्याच्या तारेची माळ घ्या. ती ५ व्होल्टवर चालते, आठ वर्षांच्या मुलीने हात लावला तरी धास्ती नाही. दहा मीटरची एक ताऱ्याला पुरते. जुन्या मोबाइलचा चार्जर पडलेला असेल, ५ व्होल्ट १ अँपिअरचा, तोच जोडा. असा चार्जर जास्तीत जास्त ५ वॅट देतो. रोज पाच तास, तीस दिवस लावला तरी पाऊण युनिट. सासूबाईंनी लाइट बिलाचा विषय काढला तर हा हिशेब दाखवा. घेताना वॉर्म व्हाइट, पिवळसर पांढरा मागा. निळसर पांढऱ्यात कागद दवाखान्यातल्या ट्यूबलाइटसारखा थंड दिसतो. माळ ताऱ्याच्या पोटात गोळा करून कोंबू नका, मधे एक तेजस्वी ठिपका आणि टोकं काळी असं होतं. मागच्या चौकटीच्या कामट्यांवरून टोकापर्यंत नेत-आणत गुंडाळा, टोकात एखादा वेढा जास्त, कारण लांबून आकार ओळखला जातो तो टोकांवरून.

आणि लुकलुक नको. माळेवर बटण असेल तर एकसारख्या उजेडावर ठेवा. विजेच्या दिव्यांनी सजवलेलं पहिलं नाताळचं झाड १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एडवर्ड जॉन्सन या एडिसनच्या सहकाऱ्याने केलं. लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी दिवे, आणि झाड गोल फिरणारं. तेव्हा ते नवल होतं. आज रस्त्यावरची निम्मी दुकानं लुकलुकतात, त्यात स्थिर उजेडाची खिडकीच वेगळी उठून दिसते.

दुसरी माळ परवडत असेल तर ती खिडकीच्या चौकटीच्या आतल्या कडेने एकेरी फिरवा, बस. त्याने अंधारात खिडकीचा चौकोन दिसतो आणि तारा त्यात बसवल्यासारखा वाटतो. चार बाय चारच्या चौकटीचा घेर सोळा फूट, म्हणजे पाच मीटरची माळही पुरेल. सरकत्या काचेच्या खाचेतून वायर नेऊ नका, काच सरकली की चिमटते. एखाद्याला तारा बांधायला वेळच नसेल तर हीच माळ आतून दोऱ्यांवर नागमोडी फिरवून झाडाचा आकार करता येतो. खाली तीन फूट रुंद, वर निमुळता, सात ओळी. पाच मीटरांत जेमतेम बसतो. पण मला विचाराल तर तारा तो तारा.

इथवर रस्त्यासाठी झालं. आता दिवसा घरातल्यांसाठी, आणि खरं म्हणजे मुलीसाठी, खिडकीचा कट्टा. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं माळ्यावर असतील ना? गाय, मेंढ्या, धनगर, एखादी पाणी भरणारी बाई. मावळे आणि तोफा बाजूला काढल्या की उरतं ते येशूजन्माच्या देखाव्यातलंच बरंचसं गाव. बुटाच्या खोक्याचा गोठा करा, वर गवती चहाची वाळलेली काडी किंवा नारळाच्या शेंड्या शाकारा. बऱ्याच ख्रिस्ती घरांत गव्हाणीतलं बाळ आधी ठेवत नाहीत, २४ तारखेच्या रात्री ठेवतात, तोवर गव्हाण रिकामी. मुलीला हे सांगा. रोज संध्याकाळी जाऊन बघण्याचं एक निमित्त होतं.

आणि त्याभोवती गहू पेरा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशांमध्ये गहू रुजत घालतात आणि नाताळपर्यंत वाढलेली ती हिरवळ देखाव्यात मांडतात. घटस्थापनेला आपण करतो तेच. तिकडे थंडी असते म्हणून तीन आठवडे लागतात. बडोद्यात दुपारी चांगलं ऊन असतं, नऊ-दहा दिवस पुरतात. तेव्हा १४-१५ तारखेला पेरलंत तर २५ ला हातभर नाही पण बोटभर उंच, दाट हिरवळ मिळेल. गहू रात्रभर भिजवा, पसरट डबीत ओल्या मातीवर दाटीवाटीने पसरा, वरून मातीचा पातळ थर. देवघराच्या कोपऱ्यातलं घटाचं धान पिवळट येतं कारण तिथे ऊन नसतं. खिडकीत तेच हिरवंगार येतं. व्हिडिओतल्या सूचिपर्णी फांद्या शोधायला कुठे जाऊ नका. अगदीच हवी असेल तर कोणाच्या अंगणातल्या विद्येच्या झाडाची एक डहाळी मागून आणा, ते झाड सूचिपर्णीच आहे. हिरवा हार हवा असेल तर खंडेराव मार्केटातून आसोपालवाची पानं आणा आणि तारेच्या जुन्या हँगरचा गोल करून त्यावर बांधा. चार-पाच दिवस टवटवीत राहतो.

बर्फाबद्दल विचारलंय. कापूस नको. आठवडाभरात धूळ खाऊन करडा होतो, आणि दिव्याजवळ कापूस ठेवणं शहाणपणाचं नाही. तरी मुलीला बर्फ हवाच असेल तर काचेवर काढा, आणि तुम्हाला तो येतो, फक्त तुम्ही त्याला रांगोळी म्हणता. बर्फाच्या कणाला साधारणपणे सहा बाजू असतात, कारण गोठताना पाण्याचे रेणू षटकोनातच जुळतात. आपली तेरा ते सात ठिपक्यांची रांगोळी, मधली ओळ तेराची आणि वरखाली एकेक कमी होत सातपर्यंत, तीही षटकोनीच येते. तिच्यात पाकळ्यांऐवजी काटेरी फांद्या काढल्या की झाला हिमकण. पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि काचेच्या आतल्या बाजूने, इअरबडने ठिपके देऊन काढा. ओल्या फडक्याने निघून जातो. फक्त ज्या काचेपुढून दुसरी काच सरकते तिच्या त्या बाजूला काढू नका. कागदाचे हिमकण कापायचे असतील तर चौकोनाला आधी अर्धी घडी आणि मग त्या घडीच्या मध्यबिंदूपासून तीन सारखे कोन करून पंख्यासारखं दुमडा. सगळे सवयीने चार-आठ घड्या घालतात आणि आठ टोकांचं फूल घेऊन बसतात. दिसतं छान, पण तो बर्फ नाही.

पैशांचा अंदाज, दुकानागणिक थोडं इकडेतिकडे होणार हे धरून : दोन यूएसबी माळा अडीचशेच्या आसपास, कामट्या आणि कागद मिळून शंभर-सव्वाशे, पोस्टर कलर आणि दोरा पन्नास, गहू आणि मैदा घरचा. चार-सव्वाचारशेत बसतं. उरलेल्या पैशात बॉल आणू नका. अगदीच हात शिवशिवत असतील तर नर्सरीतून पॉइन्सेटियाची छोटी कुंडी मिळते का बघा. मोठ्या रात्रींच्या दिवसांत त्याची वरची पानं आपोआप लाल होतात, आणि दिवसा कट्ट्यावर तेवढा एक लाल रंग पुरे होतो.

काढायचं कधी, तर पश्चिमेकडे रिवाज ६ जानेवारीपर्यंतचा आहे आणि आपल्यालाही तो सोयीचा आहे, कारण पुढच्या आठवड्यात उत्तरायण. ताऱ्यातले पाच तुकडे काढले की तो पुन्हा सपाट होतो, वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली सरकवा; पुढच्या दिवाळीला नुसता कागद बदला. काचेवर कुठे टेप लावली असेल आणि डिंक राहिला असेल तर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटांनी पुसा.

खिडकीची दिशा तुम्ही लिहिलेली नाही. पश्चिमेची असेल तर दुपारच्या उन्हात पतंगाचा कागद दोन-तीन आठवड्यांत विटतो, लाल आधी. तसं असेल तर तारा आत्ता बांधून ठेवा पण टांगा १५ तारखेनंतर, किंवा दुपारभर दांडीवरून उतरवून ठेवा. पूर्वेची किंवा उत्तरेची असेल तर १ डिसेंबरलाच लावा.